रात्रीचे आकाश, खगोलीय गती आणि ऋतूंची कारणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशाविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न शेवटी एकाच मुद्द्यापाशी येऊन पोहोचतात : जे हलताना दिसते ते खरोखर हलते आहे, की पाहणारा हलतो आहे? पुढील उत्तरांत हा धागा पुन्हा पुन्हा येईल. शक्य तेथे उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची रीतही दिली आहे, कारण या विषयात नुसत्या वाचनाने समज पक्की होत नाही.

तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात. ते खरोखर पृथ्वीभोवती फिरतात का?

नाही. पृथ्वी स्वतःच्या अक्षाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि त्यामुळे सगळे आकाश उलट दिशेने सरकल्याचा भास होतो. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने यासाठी नावेचा दृष्टान्त दिला होता : पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दीड हजार वर्षांनंतरही याहून नेमका दृष्टान्त सापडणे कठीण आहे.

अर्थात, दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे. आकाशाकडे न पाहता, चार भिंतींच्या आत पृथ्वीचे परिवलन दाखवून देणारा प्रयोग लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये केला. पँथिऑन या इमारतीच्या घुमटातून त्याने ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलो वजनाचा गोळा टांगला आणि तो झोके घेऊ लागल्यावर झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, हे लोकांना दाखवले. लंबकाला वळवणारे कोणतेही बल तेथे नव्हते; वळत होती ती त्याच्याखालची जमीन. पॅरिसच्या अक्षांशावर ही फेरी पूर्ण होण्यास सुमारे ३२ तास लागतात, ध्रुवावर ती सुमारे २४ तासांत पूर्ण होईल आणि विषुववृत्तावर लंबक मुळीच वळणार नाही.

आकाशाची ही दैनिक गती तासाला १५ अंश इतकी आहे. हात समोर ताठ धरून मूठ आवळली, तर मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते. म्हणजे आकाशाच्या मधल्या पट्ट्यातला एखादा तारा एका मुठीएवढा सरकण्यास सुमारे ४० मिनिटे घेतो, आणि हे कोणत्याही उपकरणाशिवाय मोजता येते.

पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते, तर आपल्याला ते जाणवत का नाही?

विषुववृत्तावरची जमीन परिवलनामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने जाते, आणि सूर्याभोवती तर पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर अंतर कापते. परंतु शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. पृथ्वीची गती अत्यंत संथपणे बदलते, आणि हवा, पाणी, घरे असे सर्व काही आपल्याबरोबरच फिरत असते.

ध्रुवतारा जागचा हलत का नाही, आणि तो सर्वांत तेजस्वी तारा आहे का?

पृथ्वीचा अक्ष उत्तरेकडे वाढवला, तर तो आकाशात ज्या बिंदूकडे रोखलेला दिसतो त्या बिंदूच्या अगदी जवळ, एक अंशाहून कमी अंतरावर, ध्रुवतारा आहे. इतर तारे या बिंदूभोवती मोठी वर्तुळे काढतात. ध्रुवताऱ्याचे वर्तुळ इतके लहान असते की ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तो स्थिर वाटतो.

तो सर्वांत तेजस्वी मात्र नाही. चाळीसहून अधिक तारे त्याच्यापेक्षा ठळक दिसतात, आणि रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध हा आहे. ध्रुवतारा ओळखण्यासाठी सप्तर्षींच्या चौकोनातल्या, शेपटापासून दूरच्या बाजूच्या पुलह आणि क्रतू या ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढवावी. तेथे जो एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसेल तो ध्रुव. क्षितिजापासूनची त्याची उंची अंशांत मोजली की पाहणाऱ्याचा अक्षांश जवळजवळ तंतोतंत मिळतो, आणि खलाशांनी शतकानुशतके त्याचा आधार घेतला तो याच कारणाने. दक्षिण गोलार्धातून ध्रुवतारा दिसत नाही. दक्षिण ध्रुवबिंदूजवळ तसा ठळक तारा नसल्याने तेथे त्रिशंकू या क्रुसाच्या आकाराच्या तारकासमूहाचा लांब दांडा सुमारे साडेचारपट वाढवून तो बिंदू शोधतात.

तोच तारा रोज थोडा लवकर उगवतो असे म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि पडताळण्यासही सोपे आहे. एखाद्या भिंतीची उभी कड निवडावी, तिच्यापासून काही अंतरावर एक खूण करून डोळा दर वेळी नेमका तेथेच ठेवावा, आणि पश्चिमेकडे सरकणारा एखादा ठळक तारा त्या कडेआड कोणत्या क्षणी दिसेनासा होतो ते घड्याळात पाहावे. तारा मोठा ठिपका नसून बिंदूसारखा असल्याने तो हळूहळू मंद होत नाही. एका क्षणी असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. आज ही वेळ रात्री ९ वाजता आली, तर उद्या ती ८ वाजून ५६ मिनिटांनी येईल, आणि आठवड्याने साधारण साडेआठला.

याचे कारण असे, की पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. याला नाक्षत्र दिन म्हणतात. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या कक्षेतही जवळपास एक अंश पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर येण्यासाठी तिला आणखी थोडे वळावे लागते आणि त्यात सुमारे चार मिनिटे जातात. आपला २४ तासांचा दिवस हा सूर्यावरून मोजलेला दिवस आहे. वर्षात सूर्यावरून मोजलेले सुमारे ३६५ दिवस होतात, पण ताऱ्यांवरून मोजल्यास पृथ्वीने त्याच काळात एक फेरी जास्त, म्हणजे सुमारे ३६६ फेऱ्या घेतलेल्या असतात. ही जास्तीची फेरी सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेतून येते.

डिसेंबरमध्ये रात्री दिसणारे मृग नक्षत्र जूनमध्ये कोठे जाते?

ते जागचे हलत नाही. त्याच्या बाजूला सूर्य आलेला असतो. रोजची चार मिनिटे महिन्यात दोन तास होतात आणि सहा महिन्यांत बारा तास. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यरात्री उंचावर असणारे मृग जूनमध्ये भर दुपारी उंचावर असते, आणि सूर्यप्रकाशात दिसत नाही. त्या काळात रात्रीच्या आकाशावर वृश्चिकाचे राज्य असते, कारण तो आकाशात जवळपास समोरच्या बाजूला आहे. मृग आणि वृश्चिक एकाच वेळी माथ्यावर कधीच दिसत नाहीत.

पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, असेच ना?

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे, आणि शिकलेल्या माणसांतही तो सहज आढळतो. त्यासाठी माणसांना दोष देण्याचे कारण नाही. कक्षा लांबट काढणाऱ्या आकृत्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि विस्तवाजवळ गेले की ऊब वाढते हा रोजचा अनुभव आहे. दोन्ही एकत्र आले की चुकीचा निष्कर्ष अगदी स्वाभाविक वाटतो.

प्रत्यक्ष आकडे पाहू. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. सर्वांत दूर ती जुलैच्या सुरुवातीला असते, तेव्हा हे अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. जवळ असण्याने उन्हाळा होत असता, तर जानेवारीत सगळ्या पृथ्वीवर उन्हाळा असायला हवा होता. पण जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. एकाच क्षणी, सूर्यापासून जवळपास एकाच अंतरावर असलेल्या दोन गोलार्धांत विरुद्ध ऋतू असतात. अंतराच्या कल्पनेला याचे उत्तर देता येत नाही, आणि माझ्या मते मुलांना शिकवताना इतर सर्व आकड्यांच्या आधी ही एकच गोष्ट सांगावी.

कक्षा किती लांबट आहे, हे कागदावर काढून पाहण्यासारखे आहे. कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पृथ्वीची खरी कक्षा त्या वर्तुळापासून जास्तीत जास्त एक शतांश मिलिमीटरच्या आसपास वेगळी पडेल, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच तो फरक लपून जाईल. सूर्य तेवढा वर्तुळाच्या मध्यापासून सुमारे पावणेदोन मिलिमीटर बाजूला काढावा लागेल. अंतरातला फरक यातून येतो.

हा फरक अगदीच निष्प्रभ आहे, असे मात्र नाही. जानेवारीत पृथ्वीला मिळणारा सूर्यप्रकाश जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतो. पण ऋतू घडवणारे कारण याहून कितीतरी प्रबळ आहे. शिवाय उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैमध्ये, म्हणजे सूर्य सर्वांत दूर असतानाच, अधिक असते.

मग ऋतू नेमके कशामुळे होतात?

पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या पातळीवर काढलेल्या लंबाशी सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो आकाशातल्या एकाच दिशेकडे रोखलेला राहतो. जूनमध्ये पृथ्वीचे उत्तर टोक सूर्याकडे झुकलेले असते, तर डिसेंबरमध्ये पृथ्वी कक्षेच्या दुसऱ्या बाजूला गेल्याने तेच टोक सूर्यापासून दूर झुकलेले असते. यातून दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांना बळ देतात.

पहिला परिणाम किरणांच्या तिरपेपणाचा. अंधाऱ्या खोलीत चौकटींच्या कागदावर विजेरी सरळ वरून धरली, तर प्रकाशाचा एक आटोपशीर गोल पडतो. उंची तेवढीच ठेवून विजेरी तिरपी केली की तो गोल लांबट अंड्यासारखा पसरतो, आणि प्रत्येक चौकटीवरचा प्रकाश फिका पडलेला डोळ्यांना दिसतो. चौकटी मोजल्या तर तेवढाच प्रकाश आता किती जास्त चौकटींत वाटला गेला आहे, हेही कळते. सूर्याच्या बाबतीत हेच घडते. उदाहरण म्हणून ४० अंश उत्तर अक्षांश घेऊ. तेथे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य ७३ अंशांहून थोडा अधिक उंचीवर असतो, तर २१ डिसेंबरच्या सुमारास तो जेमतेम साडेसव्वीस अंशांवर येतो. एक मीटर उंचीची काठी उभी रोवली, तर जूनच्या मध्यान्ही तिची सावली सुमारे ३० सेंटिमीटर पडेल आणि डिसेंबरच्या मध्यान्ही सुमारे दोन मीटर. डिसेंबरमध्ये तेच ऊन दुपटीहून थोड्या अधिक जागेवर पसरलेले असते.

दुसरा परिणाम दिनमानाचा. याच अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे १५ तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सव्वानऊ तासांच्या आसपास. म्हणजे एका ऋतूत जमीन दीर्घकाळ तापते आणि तिला निवण्यास थोडाच वेळ मिळतो, आणि दुसऱ्या ऋतूत याच्या उलट. दोन्ही परिणाम एकत्र धरले, तर वातावरणाच्या वर त्या अक्षांशाला जूनच्या एका दिवसात मिळणारी ऊर्जा डिसेंबरच्या एका दिवसाच्या सुमारे तिप्पट भरते. या तिपटीपुढे अंतरामुळे पडणारा ७ टक्क्यांचा फरक ठेवून पाहिला, की ऋतूंचे कारण कोणते याबद्दल शंका उरत नाही.

कललेला गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो म्हणून तेथे उन्हाळा होतो का?

नाही. हा त्याच गैरसमजाचा दुसरा अवतार आहे. कलण्यामुळे पडणारा अंतराचा फरक काही हजार किलोमीटरांचा असतो. पंधरा कोटी किलोमीटरांपुढे तो नगण्य आहे. कारण आहे ते किरणांचा कोन आणि दिवसाची लांबी.

वर्षभरात पृथ्वीचा अक्ष एकदा इकडे आणि एकदा तिकडे डोलतो का?

नाही, आणि हे समजण्यासाठी एक छोटा प्रयोग पुरेसा आहे. एका चेंडूत आरपार विणकामाची सुई घालावी, खोलीच्या मधोमध दिवा ठेवावा आणि सुईचे वरचे टोक खोलीच्या एकाच भिंतीकडे कललेले ठेवून दिव्याभोवती चालत एक फेरी मारावी. ज्या भिंतीकडे सुई कललेली आहे तिच्या समोरच्या बाजूला उभे राहिल्यावर सुईचे टोक दिव्याकडे झुकलेले दिसेल आणि चेंडूचा वरचा भाग उजळेल. चालत भिंतीच्या बाजूला आल्यावर, सुई जराही न हलवता, तेच टोक दिव्यापासून दूर झुकलेले दिसेल. मधल्या दोन ठिकाणी सुई दिव्याच्या दृष्टीने बाजूला कललेली असेल आणि उजेड-अंधाराची सीमा दोन्ही टोकांवरून जाईल. हेच ते विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असण्याचे दिवस. ही फेरी मारताना हाताला सुई फिरवण्याचा मोह होतो. तो टाळणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे. फिरणारा भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहजी सोडत नाही, तशीच पृथ्वीही ती सोडत नाही.

सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येतो, मग उत्तर गोलार्धात सर्वाधिक उष्मा बहुतेक ठिकाणी नंतर का जाणवतो?

जमिनीला, आणि त्याहूनही समुद्राला, तापायला वेळ लागतो. जोपर्यंत मिळणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे तोपर्यंत तापमान वाढतच राहते, मग दिनमान कमी होऊ लागले असले तरीही. दिवसातले सर्वाधिक तापमान मध्यान्ही न येता दुपारी दोन-तीनच्या सुमारास येते, तेही याच कारणाने. अर्थात ढग, पाऊस आणि वारे यांमुळे काही प्रदेशांत हा क्रम बदलतो.

विषुवदिनी दिवस आणि रात्र तंतोतंत सारखे असतात का?

अगदी तंतोतंत नाही. २० मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्याचा मध्यबिंदू विषुववृत्ताच्या माथ्यावर येतो. पण सूर्योदय आपण सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजतो, आणि शिवाय वातावरण प्रकाशकिरणांना वाकवत असल्याने क्षितिजाखाली असलेला सूर्यही आपल्याला आधीच दिसू लागतो. या दोन कारणांमुळे मध्यम अक्षांशांवर त्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटांनी मोठा भरतो.

सूर्य नेहमी बरोबर पूर्वेलाच उगवतो ना?

बरोबर पूर्वेला तो वर्षातून फक्त विषुवदिनांच्या सुमारास उगवतो. एरवी त्याची उगवण्याची जागा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकत राहते आणि यालाच उत्तरायण व दक्षिणायन म्हणतात. विषुववृत्तावर ही जागा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २३.४ अंश जाते. ४० अंश अक्षांशावर ती सुमारे ३१ अंश, म्हणजे तीन मुठींहून थोडी अधिक जाते. एकाच खिडकीतून वर्षभर सूर्योदय पाहणाऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. अयनबिंदूंजवळ, म्हणजे जून आणि डिसेंबरमध्ये ती टोकाशी पोहोचते तेव्हा, ही जागा काही दिवस जवळपास थांबल्यासारखी वाटते, तर विषुवदिनांच्या आसपास ती रोज ठळकपणे सरकते.

घड्याळात बारा वाजता सूर्य सर्वांत उंच का नसतो?

एक कारण प्रमाणवेळेचे आहे : एका मोठ्या प्रदेशासाठी एकच वेळ धरलेली असते. पण तो फरक वजा केला तरी सूर्य घड्याळाच्या मागेपुढे राहतोच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे. पृथ्वीचा कक्षेतला वेग बदलता आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन्हींचा हा एकत्रित परिणाम. म्हणूनच ४० अंश उत्तर अक्षांशावर सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि सर्वांत उशिरा होणारा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला, जरी सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा असला तरी.

पृथ्वीचा वेग बदलतो हा केप्लरने १६०९ मध्ये मांडलेला नियम आहे : सूर्याजवळ असताना ग्रह वेगाने जातो आणि दूर असताना संथपणे. त्याचा परिणाम ऋतूंच्या लांबीवरही दिसतो. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवसांहून थोडे अधिक दिवस जातात, तर सप्टेंबरपासून मार्चपर्यंत १७९ दिवसांच्या आतच. कक्षेच्या किंचित लांबटपणाचा ऋतूंशी खरा संबंध आहे तो हा. त्यामुळे ऋतू होत नाहीत, पण त्यांची लांबी ठरते.

ध्रुवांवर आणि विषुववृत्तावर ऋतू कसे असतात?

ध्रुवावर सुमारे सहा महिने सूर्य मावळत नाही आणि सुमारे सहा महिने उगवत नाही. तरीही तेथे कडाक्याची थंडी असते, कारण सूर्य कधीच साडेतेवीस अंशांपेक्षा वर चढत नाही आणि बर्फ बराचसा प्रकाश परत फेकतो. विषुववृत्तावर दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचाच राहतो आणि सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो, त्यामुळे तेथील ऋतू उष्णतेपेक्षा पावसावरून ओळखले जातात.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात का?

नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग कायम प्रकाशित असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर कला ठरते. दिवसा आकाशात अर्धा चंद्र आणि सूर्य दोन्ही दिसत असतील, तेव्हा उन्हात उभे राहून एक पांढरा चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा हात लांब करून धरावा. चेंडूवर उजेड आणि छाया यांची जी सीमा दिसते ती शेजारच्या चंद्रावरच्या सीमेसारखीच असते. लहानशा चेंडूवर आणि साडेतीन लाख किलोमीटरांहून दूर असलेल्या चंद्रावर एकाच सूर्याचा प्रकाश एकाच बाजूने पडलेला पाहणे हा अनुभव प्रत्येकाने एकदा तरी घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात २७.३ दिवसांत फेरी पूर्ण करतो, पण अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, कारण तेवढ्यात पृथ्वीही पुढे सरकलेली असते. नाक्षत्र दिन आणि सौर दिन यांतला जो संबंध वर आला, तोच येथे मोठ्या प्रमाणावर दिसतो. चंद्र रोज पूर्वेकडे सुमारे १३ अंश सरकतो आणि म्हणून रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो.

दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, आणि सूर्य-चंद्रांची बिंबे आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहेत. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही पातळ्या जेथे छेदतात त्या बिंदूंना पात म्हणतात, आणि राहू व केतू ही त्यांचीच नावे आहेत. ते पिंड नाहीत, भूमितीतले बिंदू आहेत. सूर्य या बिंदूंजवळ साधारण सहा महिन्यांच्या अंतराने येतो, आणि तेव्हाच ग्रहणे होतात.

मंगळ कधी कधी उलटा का चालू लागतो?

मंगळ ताऱ्यांमधून सहसा पूर्वेकडे सरकतो, पण सुमारे २६ महिन्यांतून एकदा तो थांबतो, दोन-अडीच महिने पश्चिमेकडे जातो आणि पुन्हा मार्गी होतो. पृथ्वीची कक्षा आतली असून तिचा वेग जास्त आहे. ती मंगळाला मागे टाकून पुढे जाते तेव्हा तो मागे पडताना दिसतो. शेजारच्या रुळावरची संथ गाडी आपल्या गाडीतून पाहताना मागे जाताना दिसते, तसेच हे आहे. पृथ्वी स्थिर मानणाऱ्यांना या वक्री गतीसाठी वर्तुळांवर वर्तुळे रचावी लागली. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्यभागी ठेवल्यावर ती पृथ्वीच्याच गतीचा परिणाम म्हणून आपोआप उलगडली. तिचा माणसाच्या भाग्याशी काही संबंध नाही.

ध्रुवतारा कायम हाच राहणार का?

नाही. वर्षभरात अक्षाची दिशा बदलत नाही असे वर म्हटले, ते एका वर्षापुरते खरे आहे. दीर्घ काळात मात्र सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीमुळे पृथ्वीचा अक्ष मंदावणाऱ्या भोवऱ्यासारखा घुमतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. या अयनचलनामुळे सध्याचा ध्रुवतारा इ.स. २१०० च्या सुमारास ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ येईल आणि मग दूर जाऊ लागेल. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी कालेय तारकासमूहातला थुबान हा तारा ध्रुवस्थानी होता आणि सुमारे बारा हजार वर्षांनी अभिजित त्या भागात असेल. कलण्याचे माप या घुमण्यात फारसे बदलत नसल्याने ऋतू चालूच राहतात. बदलते ती ऋतूमागची ताऱ्यांची पार्श्वभूमी. वसंतसंपात बिंदू, म्हणजे मार्चच्या विषुवदिनी सूर्य आकाशात जेथे असतो तो बिंदू, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेष तारकासमूहात होता, तो आता मीनेत आहे.

इतर ग्रहांवरही ऋतू असतात का?

जेथे अक्ष कललेला आहे तेथे असतात. मंगळ सुमारे २५ अंशांनी कललेला असल्याने त्याचे ऋतू आपल्यासारखेच, पण जवळपास दुप्पट लांबीचे आहेत. त्याची कक्षा पुष्कळ लांबट असल्याने तेथे मात्र अंतराचाही ठळक परिणाम होतो. गुरूचा अक्ष फक्त तीन अंशांनी कललेला असल्याने तेथे ऋतू जवळपास नाहीतच. युरेनस तर आडवाच पडलेला आहे : त्याचा कल सुमारे ९८ अंशांचा आणि वर्ष ८४ वर्षांचे, त्यामुळे त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे सलग दिवस आणि तितकीच वर्षे सलग रात्र असते.

आकाशनिरीक्षणाची सुरुवात कशी करावी? दुर्बीण घ्यावी का?

पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊ नये, असे माझे मत आहे. दुर्बिणीतून आकाशाचा एक चिमुकला तुकडा दिसतो, आणि वर सांगितलेल्या सगळ्या गती मोकळ्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत. डोळे अंधाराला पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला तरी ती तयारी वाया जाते, म्हणून नकाशा पाहण्यासाठी मंद लाल प्रकाश वापरावा. एक ठरलेली जागा, एक ठरलेली वेळ आणि एक वही पुरेशी आहे. एका रात्री मृगातले तीन सरळ रेषेतले तारे, त्याखाली व्याध आणि दुसऱ्या बाजूला रोहिणी व कृत्तिका एवढे ओळखावे, त्यांची क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजून तारीख व वेळेसह लिहून ठेवावी, आणि महिन्याने त्याच वेळी त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजावी : सगळा समूह तीन मुठींएवढा पश्चिमेकडे गेलेला असेल.